नाव घ्यायच्या आधीचा उखाणा

कामं उरकून, नाहीतर कामं करता करताच तुम्ही रेडिओ लावला असेल. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी भाकरी थापत असेल. हात चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आज मी उखाण्यावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं? उखाणा तर आम्हाला झोपेतसुद्धा येतो. मलाही असंच वाटायचं. पण गेल्या संक्रांतीला एक गोष्ट घडली आणि मला कळलं, की आपल्याला उखाण्याचा एक तुकडाच येतो. बाकीचा आपण विसरून गेलोय.

मी बचत गटांची समन्वयक. महिन्यातनं एकदा प्रत्येक गटाच्या बैठकीला जाते. संक्रांतीच्या महिन्यात खटाव तालुक्यातल्या एका गटात बैठक आणि हळदीकुंकू एकदमच ठेवलं होतं. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या, तिळगूळ वाटला. मग नेहमीप्रमाणं सुरू झालं, "चला, नाव घ्या." एकेक जण नाव घेऊ लागली. हसणं, चिडवणं चाललं होतं. फिरत फिरत पाळी आक्कांपर्यंत आली.

आक्का साठीला आलेल्या. मालक जाऊन बारा वर्षं झाली. गट सुरू झाला त्या दिवसापासून त्या गटात आहेत आणि आजवर त्यांचा एक हप्ता चुकलेला नाही. पण हळदीकुंकवाचं ताट त्यांच्यासमोरून तसंच पुढं गेलं, आणि पलीकडच्या वहिनींनी घाईघाईनं आपला उखाणा सुरू केला. कुणी मुद्दाम केलं नाही. सवयीनं झालं. मीही त्या वेळी काही बोलले नाही, हे आधीच कबूल करते.

वहिनींचं झाल्यावर आक्काच बोलल्या, "मला नाव न्हाई घ्यायचं. मी उखाणा घालू का?" सगळ्या गप्प. आक्का म्हणाल्या, "दिवस चांगला असला की पाठ सोडत न्हाई, आन् अंधार पडला की हुडकून घावत न्हाई. सांगा कोण?"

कुणी म्हणालं पाखरू, कुणी म्हणालं पोरं. शेवटी आक्कांनीच सांगितलं, "सावली म्हणा, न्हाईतर भावकी म्हणा."

आधी सगळ्या हसल्या. मग हसणं थांबलं, कारण मालक गेल्यावर आक्कांच्या जमिनीच्या वाटणीत भावकीनं काय केलं, ते तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तेवढ्यात एक नवी सून म्हणाली, "पण आक्का, ह्यात नाव कुठाय? हा उखाणा कसा झाला?" आक्का म्हणाल्या, "आगं, नाव मागनं आलं. उखाणा आधीपासनं हाय."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. मग जुन्या बायकांना विचारलं, काही वाचलं. जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते.

आक्कांचं खरं होतं. उखाणा म्हणजे मुळात कोडं. कोकणात आणि गोव्यात त्याला हुमाण म्हणतात, कुठं आहणा म्हणतात, संतांच्या वाङ्मयात त्याला कूट म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं अजूनही 'उखाणा घातला' असं म्हणतात आणि समोरच्यानं तो 'सोडवायचा' असतो. आता बघा, नवऱ्याचं नाव कुणी कुणाला घालत नाही आणि सोडवतही नाही. ते आपण 'घेतो'. बोलण्यातच फरक राहिलाय.

मग नवऱ्याचं नाव उखाण्यात आलं कसं? पूर्वी बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारायचं नाही अशी रीत होती. कचेरीत कुणी नाव विचारलं, तर आपल्या आज्या शेजारणीकडं बघायच्या आणि शेजारीण सांगायची. लग्नात, डोहाळजेवणात, मंगळागौरीला मात्र नाव घ्यायची मुभा असायची. तेही सरळ नाही, यमकाच्या घडीत झाकून. झाकून सांगितलेली गोष्ट म्हणजे एका अर्थी कोडंच की. लग्नात रुखवतावरचं झाकण काढताना दोन्हीकडच्या बायका एकमेकींना उखाण्यांनी अडवायच्या, त्यात नाव घेणं हा एक भाग होता. एका मोठ्या वाड्यातली ती एक खोली होती. पुढं वाडा पडला आणि आपण त्या खोलीलाच वाडा म्हणू लागलो.

तो वाडा केवढा होता, ते आता बघू.

आपल्या देशात कोडं फार जुनं. ऋग्वेदात बारा आऱ्यांचं एक चाक आहे, जे फिरतं पण झिजत नाही. ते चाक म्हणजे वर्ष, आरे म्हणजे महिने. आपल्या आज्या चाकाच्या जागी बारा फांद्यांचं झाड घेतात, उत्तर तेच. महाभारताच्या वनपर्वात यक्षप्रश्न आहेत. गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पांडव तहानलेले. तळ्यातला यक्ष म्हणतो, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, मग पाणी प्या. चार भाऊ ऐकत नाहीत आणि तळ्याकाठी मरून पडतात. धर्मराज थांबतो आणि उत्तरं देतो. पृथ्वीहून जड काय? आई. वाऱ्याहून चपळ काय? मन. गवताहून जास्त काय? चिंता. तिसऱ्या उत्तराला कुठल्याही आईची मान डोलेल.

पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. यक्ष खूश होऊन म्हणतो, चारातला एक भाऊ जिवंत करतो, सांग कोण? धर्मराज भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही. तो सावत्र भाऊ नकुल मागतो. का? तर कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक जिवंत राहू दे. माद्री तेव्हा हयातही नव्हती. तिच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं, तरी तिचा वाटा ठेवला गेला. खरा प्रश्न हाच होता. आधीचे प्रश्न पाठांतरानं सुटले असते, हा न्यायबुद्धीनं सुटला. आक्कांच्या वाटणीच्या वेळी भावकीला हा प्रश्न कुणीतरी घालायला हवा होता.

दुसरी गोष्ट एका सुनेची. बौद्ध ग्रंथांत ती येते. गोष्ट बुद्धांच्या काळातली, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. साकेत नगरातल्या धनंजय नावाच्या श्रीमंत माणसाची मुलगी विशाखा. श्रावस्तीच्या मिगार शेठच्या घरी तिचं लग्न ठरलं. निघताना बापानं तिला दहा गोष्टी सांगितल्या, पण सरळ नाही, कोड्यात. पलीकडच्या खोलीत बसलेल्या सासऱ्यानं त्या ऐकल्या आणि त्याला काही अर्थ लागेना. घरातला विस्तव बाहेर नेऊ नकोस. बाहेरचा विस्तव घरात आणू नकोस. जो देतो त्याला दे. जो देत नाही त्याला देऊ नकोस. जो देतो आणि जो देत नाही, त्या दोघांनाही दे. अशा त्या गोष्टी.

सासरी गेल्यावर एके दिवशी मिगार शेठ सोन्याच्या वाडग्यात खीर खात बसला होता. दारात एक भिक्षू आला. शेठनं बघून न बघितल्यासारखं केलं. विशाखा भिक्षूला म्हणाली, "महाराज, पुढं जा. माझे मामंजी शिळं खातायत." शेठ भडकला. ताजी खीर खातोय आणि ही शिळं म्हणते! निघ माझ्या घरातनं! विशाखा रडली नाही आणि निघालीही नाही. ती म्हणाली, मी काही पाणवठ्यावरनं उचलून आणलेली दासी नाही. माझ्या वडिलांनी माझ्यासोबत आठ जाणती माणसं दिलीत, त्यांना बोलवा. त्यांनी दोष काढला तर जाईन.

आठ पंच बसले. विशाखानं सांगितलं, शिळं म्हणजे मागच्या जन्माचं पुण्य. मामंजी जुन्या पुण्यावर जगतायत, नवं काही जोडत नाहीत. पंचांनी तिला निर्दोष ठरवलं. मग सासऱ्यानं ती विस्तवाची गोष्ट काढली, की हिचा बाप हिला शेजाऱ्याला विस्तवसुद्धा देऊ नको म्हणाला. तेव्हा तिनं तेही उलगडून सांगितलं. घरातला विस्तव म्हणजे घरच्या माणसांची उणीदुणी, ती बाहेर सांगत फिरायचं नाही. बाहेरचा विस्तव म्हणजे लोकांनी आपल्या माणसांबद्दल बोललेलं, ते घरात आणून आग लावायची नाही. उसनं नेलेलं जो परत आणून देतो, त्याला दे. जो परत देत नाही, त्याला देऊ नकोस. आणि गरीब नातेवाईक असतील, तर ते परत देवोत न देवोत, त्यांना दे. पुढं हाच सासरा तिला आई मानू लागला, आणि तिला मिगारमाता हे नाव पडलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. अहो, हे तर आपल्या गटाचे नियम! कर्ज कुणाला द्यायचं, कुणाला थांबवायचं, आणि अडल्यानडल्या बाईला परतफेडीकडं न बघता मदत कशी करायची, यावर दर महिन्याला आपण तासभर वाद घालतो. विशाखाच्या बापानं ते तीन वाक्यांत सांगून ठेवलंय. तिसरं वाक्य नसतं तर पहिली दोन सावकाराची झाली असती. तिसऱ्यामुळं ती माणसांची झाली.

पण याच गोष्टीत एक धोकाही आहे, तो सांगितल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. घरातला विस्तव बाहेर नेऊ नकोस, हे वाक्य आजही आपल्या मुलींना सासरी पाठवताना सांगितलं जातं. शब्द वेगळे असतात, "चार भिंतींतलं चार भिंतींत ठेव." चहाटळपणा करू नको, एवढाच त्याचा अर्थ असेल, तर ठीक. पण मार खात असलीस तरी बोलू नको, असा त्याचा अर्थ होत असेल, तर ते कोडं आपण चुकीचं सोडवलं. विस्तव चुलीत असतो तोवर तो घरातला. घरच पेटलं, तर ओरडायचंच असतं. आणि विशाखाचं वागणं बघा ना. तिच्यावर अन्याय झाला, तेव्हा ती गप्प बसली नाही, तिनं पंच बोलावले. आज आपले पंच म्हणजे गट आहे, २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. उखाणा कधीचा का असेना, तो सोडवायचा आपल्या आजच्या अकलेनं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. तेराव्या शतकातली मुक्ताबाई. अवघ्या अठरा वर्षांचं आयुष्य तिला मिळालं. तिचा मुंगीचा अभंग कीर्तनात तुम्ही ऐकला असेल. एक चिमुकली मुंगी सूर्याला गिळून टाकते, असलं चित्र त्यात आहे. ऐकताना वाटतं, हे काय भलतंच? हाच कूट अभंग. थोरामोठ्यांनी त्याचे नाना अर्थ लावले. मी साधी बाई, मला त्यात एवढंच दिसतं, की लहान म्हणून जिला कुणी मोजत नाही, तिच्या पोटात आभाळाएवढं मावू शकतं. हे सांगणारी स्वतः आईबापाविना वाढलेली, गावानं वाळीत टाकलेल्या घरातली पोर होती.

तिचीच आणखी एक कथा सांगतात. चांगदेव नावाचे मोठे योगी, चौदाशे वर्षं जगले अशी त्यांची ख्याती. त्यांना ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं, पण मायना काय घालावा ते ठरेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार? शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. कथा अशी, की तो कागद बघून मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा बाबा कोरा तो कोराच राहिला! त्या पत्राचं उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, ती 'चांगदेव पासष्टी'. पण कोऱ्या कागदाचं कोडं आधी सोडवलं ते त्या पोरीनं. पुढं चांगदेवांनी तिलाच गुरू केलं, असं परंपरा सांगते. वय वाढलं म्हणजे शहाणपण वाढलं असं नाही, हा धडा चौदाशे वर्षांच्या माणसाला एका लहान मुलीनं दिला.

आता अगदी आपल्या घरी येऊ. सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे आहेत, पण १९४९ पर्यंत आपण एकच होतो. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. या सगळ्या मुलखात जत्रा-उरुसात कलगी-तुऱ्याचे सामने रंगायचे. डफ-तुणतुण्याच्या साथीवर दोन फड समोरासमोर बसायचे. तुऱ्याचा फड म्हणायचा शिव मोठा, कलगीचा फड म्हणायचा शक्ती मोठी. एकानं कवनात कोडं घालायचं, दुसऱ्यानं कवनातच ते सोडवायचं. यालाच भेदिक म्हणायचे. भेद म्हणजे आतली खूण, ती ओळखायची. रात्र सरायची, पहाट व्हायची, तरी सवाल संपायचे नाहीत. रामायण, महाभारत, पुराणं, देह आणि आत्मा हे सगळं अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांना तिथं ऐकून पाठ व्हायचं. गावाची ती रात्रशाळाच होती.

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव याच मातीतले. १८६६ चा जन्म, मूळ नाव श्रीधर कृष्ण कुलकर्णी. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले आणि त्यांची आणि पवळाबाईंची जोडी महाराष्ट्रभर गाजली. तमाशाच्या बोर्डावर सवाल-जवाब असायचे आणि तिथं बाई पुरुषाला सवाल घालायची. १९६४ साली आलेल्या 'सवाल माझा ऐका' या सिनेमाच्या नावातच ते आहे. पण विचार करा, शक्ती मोठी की शिव मोठा, याच्यावर रात्रभर भांडणारे फडावरचे शाहीर बहुतेक पुरुषच. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला त्या फडावर जागा नव्हती. आणि तमाशात जी बाई सवाल घालायची, तिला गावात मान नव्हता.

मग आपल्या आज्या-पणज्यांचा फड कुठं होता? तो जात्यावर होता, भांगलणीच्या पातीवर होता, शेंगा फोडताना, वाकळ शिवताना, हळद निवडताना होता. नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकींच्या फेरात होता. तिथं एकजण उखाणा घालायची, बाकीच्या सोडवायच्या. माझी आजी विचारायची, स्वतः उघडी राहून जगाला नेसवती ती कोण? सुई. घरादाराची घाण काढती आणि तिलाच दाराआड उभी करतात, ती कोण? केरसुणी. लहानपणी आम्ही उत्तर सांगून टाळ्या पिटायचो. आजी टाळ्या पिटायची नाही. ती नुसती म्हणायची, "आजून इचार कर." लग्न होऊन मी सासरी आले, घरातलं सगळं आवरून सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसू लागले, तेव्हा एके दिवशी केरसुणीचा उखाणा मला सुटला. तो केरसुणीबद्दल नव्हताच.

उखाण्याची हीच खुबी आहे. उपदेश केला की ऐकणाऱ्याला राग येतो. "सुनेला नीट वागव" असं सासूला तोंडावर सांगितलं, तर भांडण होईल. तिलाच केरसुणीचा उखाणा घातला, तर ती स्वतः उत्तर देते. आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहसा टाकून देत नाही. विशाखाच्या सासऱ्याचं तेच झालं.

हे बायकांचं धन नुसतं हवेत विरून जायचं, पण त्याच वाळवा तालुक्यानं ते जपणारी लेकही दिली. डॉ. सरोजिनी बाबर, १९२० साली बागणी गावात जन्मलेल्या. मोठ्या शिकल्या, राज्यसभेच्या सदस्य झाल्या. पण आयुष्यभर त्यांनी काय गोळा केलं? तर जात्यावरच्या ओव्या, उखाणे, म्हणी, कहाण्या, फेराची गाणी. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी या साहित्याची पुस्तकामागून पुस्तकं काढली. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसांसाठी 'समाजशिक्षणमाले'तून शेकडो लहान लहान पुस्तकं काढली. दूरदर्शनवर शांताबाई शेळक्यांबरोबर त्यांनी 'रानजाई' हा कार्यक्रम केला, तो तुमच्या सासवांना आठवत असेल. अडाणी म्हणून ज्यांना कुणी विचारत नव्हतं, अशा बायकांचं बोलणं त्यांनी छापून ठेवलं. २००८ साली त्या गेल्या. रेठरे हरणाक्ष आणि बागणी, एकाच तालुक्यातली ही दोन गावं. एकानं सवाल फडावर नेला, दुसरीनं घराघरातला सवाल कागदावर आणला.

मग एवढा मोठा वाडा पडला कसा? गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ते चांगलंच झालं, जातं ओढून खांदे भरून यायचे, त्याचं गुणगान मी करणार नाही. पण जात्याबरोबर दोघी-तिघींचं पहाटेचं बसणंही गेलं. मग टीव्ही आला, मग मोबाईल. राहिलं ते हळदीकुंकू, आणि त्यात राहिलं ते नाव घेणं. आता तर उखाण्यांच्या स्पर्धा होतात, पैठणी मिळते. स्पर्धेत भाग घ्यायला काय लागतं? नवरा लागतो. बुद्धी नसली तरी चालतं, पाठ केलेलं चालतं. नवरा नसला, तर मात्र चालत नाही.

इथंच माझं दुखणं आहे. जुन्या उखाण्याला कुणाचीच आडकाठी नव्हती. लग्न न झालेली, टाकलेली, विधवा, म्हातारी, पोर, जिला सुचेल तिनं घालावा आणि जिला सुटेल तिनं सोडवावा. नाव घेण्याचा उखाणा उरला आणि गोलात बसलेल्या बायकांतल्या काहीजणी आपोआप बाहेर पडल्या. कुणी हाकललं नाही. त्यांची पाळीच येईनाशी झाली. आक्कांची पाळी बारा वर्षं आली नव्हती.

ही गोष्ट बदलता येते. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही असं करायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, तो अंगणात उतरवायचं काम आपलं असतं. आणि अंगणात सुरुवात करायला उखाण्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

आमच्या त्या गटानं एक साधा नियम केला. हळदीकुंकवाचं ताट सगळ्यांसमोर थांबेल, ज्यांना लावायचं त्या लावतील. आणि नाव घ्यायची पाळी बंद करून उखाणा घालायची पाळी सुरू. हौस असेल तिनं नावही घ्यावं, त्याला कुणाची ना नाही. पण प्रत्येकीनं एक कोडं आणायचं, जुनं किंवा स्वतः केलेलं, आणि त्यात जगायला उपयोगी असं काहीतरी असायला हवं.

पहिल्या महिन्यात दोघींनीच आणलं. दुसऱ्या महिन्यात सातजणींनी. त्यातले काही सांगते, तुम्हीही सोडवा.

एक वहिनी म्हणाल्या, "खात नाही, पीत नाही, झोपत नाही. सणालाही वाढतं आणि सुतकातही वाढतं." उत्तर, व्याज.

शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या एका ताईंनी विचारलं, "सहा भावंडं माझ्याच घरी येतात. ओळख दुसऱ्याला सांगितली, की माझंच घर धुऊन जातात." उत्तर, मोबाईलवर येणारा ओटीपी. त्या दिवशी ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मी जितक्या वेळा भाषणात सांगितलं होतं, त्यापेक्षा जास्त ते त्या एका उखाण्यानं समजलं.

आणि आक्कांनी हिशोबाचा उखाणा घातला. "धा हजार घेतलं, बारा हजार फेडलं, तरी धा हजार ऱ्हायलंच. कसं?" सगळ्या बोटांवर मोजू लागल्या. मी फळ्यावर मांडून दाखवलं. सावकाराकडनं शेकडा दहा रुपये महिन्यानं दहा हजार घेतले, तर महिन्याचं नुसतं व्याज हजार रुपये. वर्षाचं बारा हजार. मुद्दल जागच्या जागी. तेच गटातनं शेकडा दोन रुपयांनी घेतले, तर महिन्याला दोनशे, वर्षाला फार तर चोवीसशे, आणि मुद्दल फिटत गेलं की व्याज आणखी कमी. हा उखाणा सुटला त्या बैठकीत एका मुलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. तिच्या घरात असंच कर्ज होतं, ती कुणाला सांगत नव्हती. घरातला विस्तव बाहेर न्यायचा नाही ना! त्या दिवशी तिनं तो नेला. गटानं तिला कर्ज मंजूर केलं, सावकाराचं मुद्दल फिटलं, आता ती गटाचे हप्ते भरतेय.

सगळेच जुने उखाणे सोन्याचे आहेत असं मी म्हणत नाही. काही उखाणे काळ्या रंगाला हसतात, काही मूल नसलेल्या बाईला हसतात. ते आठवले, तरी पुढच्या पिढीला द्यायचे नाहीत. निवडून घ्यायचे. सूप आपल्या हातात आहे.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. येत्या महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही मिटली, की पाच मिनिटं ठेवा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, "आजी, एखादा उखाणा घाला की." तिनं घातलेला उखाणा गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, खाली तिचं नाव लिहा. तिच्या नवऱ्याचं नाही, तिचं. हिशोबाच्या वहीत आपल्या पैशाची शिल्लक असते, मागच्या पानावर आपल्या शहाणपणाची शिल्लक राहू द्या.

आणि जाता जाता तुमच्यासाठी आमच्या गटाचा एक उखाणा. "एकटी असले तर कुणीबी मोडतंय, दहाजणी झालो की बँकबी खुर्ची देती. दर महिन्याला जेवते, पण पोट भरत न्हाई, आन् भरू पण नये." उत्तर तुमच्याच घरात, कपाटातल्या पासबुकाशेजारी आहे. सुटलं तर शेजारणीला घाला. तिला सुटलं नाही, तर तिला गटात घेऊन या.

राम राम मैत्रिणींनो. पुन्हा भेटू.